वालधुनीकाठचा अंबरनाथ

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीतल्या माणसाला नदी म्हटले की उल्हास आठवते. राजमाचीच्या दरीतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या खाडीकडे जाणारी ही नदी साऱ्या खोऱ्याची पोशिंदी आहे. महाशिवरात्रीला मात्र इथल्या माणसांची पावले एक स्टेशन अलीकडे, उल्हासेहून कितीतरी लहान असलेल्या वालधुनीकडे वळतात. अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेला या नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे जे शिवालय उभे आहे, त्याला साडेनऊशेहून अधिक वर्षे झाली. त्याच्याविषयी दोन हकिगती चालत आलेल्या आहेत. देवळातला शिलालेख सांगतो की हे शिलाहार राजांचे काम. गाव सांगते की पांडवांनी ते एका रात्रीत, एकाच दगडातून कोरले, पण उजाडले आणि शिखर अपुरे राहिले. शिकलेली माणसे पहिली हकिगत खरी मानून दुसरी भाबडी म्हणून बाजूला सारतात. मला वाटते, ही घाई आहे. मंदिर कोणी बांधले याचे उत्तर शिलालेखात आहे. पण बांधणारे घराणे लयाला गेल्यावर ते सातशे-आठशे वर्षे कोणी आणि कसे राखले, याचे उत्तर त्या दंतकथेजवळ जास्त आहे. आणि मंदिराशेजारची नदी आज या अवस्थेला का आली, हे समजायलाही तीच कथा उपयोगी पडते.

आधी शिलालेख पाहू. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या तुळईवर तो कोरला आहे. त्याचे पहिले वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. त्यांनी शकाचा आकडा ७८२ असा लावला, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ आहे हे दाखवले आणि मंदिराचे वय एकदम दोनशे वर्षांनी कमी झाले. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०, महिना श्रावणाचा. राजा महामंडलेश्वर माम्वाणि, म्हणजेच उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मुम्मुणी. लेखात त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचेही नाव येते. त्यावरून काम छित्तराजाच्या काळी सुरू होऊन मुम्मुणीच्या काळी पुरे झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे कोरीव लेख १९७७ साली एकत्र संपादित केले, त्यात हा लेख आहे. राजाच्या जोडीने त्याच्या अधिकाऱ्यांची नावे नोंदणारा असा लेख हा राज्यकारभाराचा कागद असतो. पुढच्या पिढ्यांनी या देवळाशी काय नाते ठेवले, हे त्याला सांगता येत नाही.

मंदिराची घडण मात्र लेखापेक्षा जास्त बोलते. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे. या पद्धतीत पायथ्यापासून वर चढणाऱ्या चार मुख्य पट्ट्या असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी मण्यांच्या माळांसारख्या रचलेल्या असतात. ही शैली माळव्यात बहरली. विदिशेजवळच्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हे तिचे नावाजलेले उदाहरण, आणि ते १०८० साली पुरे झाले. अंबरनाथ त्याच्या आधीचे. माळव्याची शैली कोकणात इतक्या लवकर कशी आली, याचे एक उत्तर ताम्रपटांत सापडते. परमार राजा भोजाने १०२० साली कोकणविजयाच्या उत्सवानिमित्त दिलेल्या दानांचे दोन ताम्रपट, बांसवाड्याचा आणि बेटम्याचा, उपलब्ध आहेत. जेत्याच्या पाठोपाठ स्थपतीही आले, की हरलेल्या घराण्याने पुढे सावरल्यावर जेत्याच्या तोडीचे देऊळ उभारायचे ठरवले, हे ठामपणे सांगता येणार नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, कारण चौदाशे गावांच्या कोकणाचा हा शिलाहार मांडलिक स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचा वंशज म्हणवून घेई आणि आपली बिरुदे मोठ्या हौसेने कोरून ठेवी. नटेश शिव, महिषासुरमर्दिनी, ब्रह्मदेव, शिवपार्वतीचा विवाह, खालच्या थरात हत्तींच्या रांगा: बाहेरच्या भिंतीवर रिकामी जागा शोधावी लागते. ही श्रीमंती दाखवण्यासाठीच होती.

इथेच एका रूढ शब्दाचा हिशेब करून टाकायला हवा. गावोगावच्या चुन्याविना रचलेल्या दगडी देवळांप्रमाणे अंबरनाथालाही सर्रास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १२६५च्या सुमारास शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर ज्याच्याशी समुद्रावर लढताना बुडाला, तो हाच महादेव यादव; आणि हेमाद्रीने आपल्या ग्रंथाच्या प्रशस्तीत त्या बुडण्याचे कौतुकाने वर्णन केले आहे. ज्या राज्याने शिलाहारांना संपवले, त्याच्या मंत्र्याचे नाव शिलाहारांच्या सर्वांत सुंदर देवळाला चिकटले. लोकांच्या स्मरणातून हे घराणे किती पूर्णपणे पुसले गेले होते, याचा याहून बोलका पुरावा शोधायला नको.

आता माझा मूळ प्रश्न. घराणे पुसले गेले, तर देऊळ का पुसले गेले नाही? मुम्मुणीनंतर एका पिढीतच राज्यात भाऊबंदकी माजल्याचे आणि प्रजेचे हाल झाल्याचे अनंतदेवाच्या १०९४च्या खारेपाटण ताम्रपटात नोंदले आहे. १२६५नंतर तर राजाश्रयाचा हा झराच आटला. दगड कितीही भक्कम असला तरी कोकणच्या पावसात राखण नसलेले देऊळ टिकत नाही. सांध्यांत पिंपळ-उंबर रुजतात, मुळे दगड फोडतात आणि निखळलेले चिरे आसपासच्या घरांच्या जोत्यांत जातात. भिवंडीजवळच्या लोनाडचे उदाहरण घ्या. तेही शिलाहारांच्याच मुलखातले. तिथल्या चौधरपाड्याला केशिदेवाचा १२४०च्या सुमाराचा शिलालेख सापडला, पण तिथले शिवालय भग्न झाले. एकच राजवंश, एकच दगड, एकच पाऊस आणि मध्ये फार तर एका दिवसाची वाट. फरक पडला तो राखणीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. अंबरनाथ वाचले ते केवळ राजकीय भूगोलामुळे, असे कोणी म्हणेल. शिलाहारांची राजधानी ठाणे आणि साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि तिथली जुनी देवळे जमीनदोस्त झाली. वाळकेश्वराचे जुने देऊळही त्याच काळात गेले; आजचे अठराव्या शतकातले. कल्याणचा हा आतला पट्टा मात्र वसईच्या फिरंग्यांच्या हद्दीबाहेर राहिला. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हद्दीबाहेर तर लोनाडही होते. हद्दीने देवळाला हातोड्यापासून वाचवले असेल. पिंपळाच्या मुळांपासून नाही. आणि आणखी एक गोष्ट. ठाण्याचे कौपिनेश्वर मराठ्यांनी साष्टी जिंकल्यानंतर, १७६०च्या सुमारास नव्याने उभे राहिले. भाविकांच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. पण शिलाहारांच्या काळची घडण तिथे आता दिसत नाही. जीर्णोद्धारानेही जुने देऊळ नाहीसे होते. अंबरनाथला तेही झाले नाही. शिखर अपुरे असूनही त्यावर कोणी चुन्या-विटांचे नवे शिखर चढवले नाही. का?

माझे उत्तर असे की, ते पांडवांच्या कथेने थोपवले. ही कथा नीट तपासली तर तिच्यात तीन गोष्टी दडलेल्या दिसतात. कथा रचली गेली तेव्हा शिखर आजच्यासारखे वरून उघडे होते, नाहीतर ते अपुरे राहिल्याचे कारण शोधायची गरज पडली नसती. रचणाऱ्यांना शिलाहार आठवत नव्हते, म्हणजे ती यादवांच्या नंतरची असावी. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: कथेने या उणिवेला अर्थ दिला. शिखर मुळात पुरे झाले नव्हते की पुरे होऊन कोसळले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. गावाच्या लेखी मात्र जे पांडवांनी सोडले ते माणसाने पुरे करायचे नसते. उघडे छत हा दोष राहिला नाही, ती त्या जागेची खूण झाली. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचे, तिथे पिंडीपाशी उभे राहून वर पाहायचे तर मोकळे आकाश. अकराव्या शतकातला दगड आपल्याला जसाच्या तसा वाचायला मिळतो, याचे मोठे श्रेय मी या समजुतीला देतो.

कोणी म्हणेल, यात श्रद्धा कसली. गावाजवळ पैसा नव्हता, एवढेच. शिखर चढवणे ही राजाची ऐपत, आगरी-कोळ्यांच्या शेतकरी वस्तीची नव्हे. यात तथ्य आहे. तेवढ्याने मात्र भागत नाही, कारण पेशवाईत कोकणातल्या कितीतरी लहान देवळांना सावकार, सरदार, सुभेदार यांच्या देणग्यांतून घुमट आणि शिखरे मिळाली, आणि कल्याणचा सुभा तर मोठ्या घडामोडींचा. आणि गरिबीने डागडुजी अडली तशी पूजाही अडायला हवी होती. ती अडली नाही याची साक्ष गावाचे नावच देते. शिलालेखात देवाचे नाव आम्रनाथ असे येते. राजाचे नाव हरवले, देवाचे थोडे बदलून लोकांच्या तोंडी राहिले, गावाला मिळाले, आणि १८५६ साली कल्याणपुढे रेल्वे आली तेव्हा तेच स्थानकाच्या पाटीवर गेले. ओसाड पडलेल्या देवाचे नाव नऊशे वर्षे कोणी जपत नाही.

म्हणून इंग्रजांनी मंदिराचा शोध लावला हे वाक्य मला पटत नाही. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांच्याकडे इथल्या शिल्पांचे साचे, नकाशे आणि रेखाचित्रे तयार करण्याचे काम सोपवले. १८७४ साली इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकाने मंदिराची सचित्र माहिती छापली. पुढे हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या आपल्या १९३१च्या ग्रंथात त्याचे बारकाईने वर्णन केले. या माणसांचे ऋण मोठे आहे. त्यांनी केलेल्या नोंदी नसत्या तर झिजलेल्या शिल्पांची ओळख पटवणे अवघड झाले असते. अलीकडे कुमुद कानिटकरांनी या शिवालयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून शिल्पांमागचा शैव विचार उलगडला, तेही याच परंपरेतले काम. पण या सगळ्यांनी विद्वानांच्या जगाला मंदिराची ओळख करून दिली. जे श्रावणी सोमवारी बेल घेऊन येत होते, त्यांना ते सापडायचे बाकी नव्हते. बाहेरच्या मान्यतेच्या ओढीतून आणखी एक चूक पसरली आहे: हे मंदिर युनेस्कोच्या यादीत असल्याचे फलकांवर आणि भाषणांत अभिमानाने सांगितले जाते. जागतिक वारसा यादीत ते नाही. बाहेरच्या शिक्क्यावाचून ज्याचे मोल कधी अडले नाही, त्याच्यासाठी खोटा शिक्का कशाला हवा?

पुरातत्त्व खात्याचा आक्षेप वेगळ्या दिशेचा असतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. ज्या पूजेला मी राखणदार म्हणतो, तिच्यामुळेच दगड झिजतो. महाशिवरात्रीच्या आदल्या रात्रीपासून रांग लागते, दर्शनाला तासन्‌तास लागतात. जत्रा तीन-चार दिवस चालते. खेळणी, मिठाई, पाळणे यांनी परिसर भरून जातो. दूध, तेल, कुंकू, धूर, हजारो हातांचा स्पर्श, यांनी शिल्पांचे नाकडोळे पुसट होतात. केंद्रीय संरक्षित स्मारक म्हणून हे थांबवणे खात्याचे कर्तव्य आहे, आणि काही निर्बंध हवेतच: बाहेरच्या भिंतीला हात लावू नये, तेल-दूध गाभाऱ्यापलीकडे नेऊ नये. पण पूजा बंद करून स्मारक वाचवण्याचा विचार इतिहासाच्या विरुद्ध जाईल. कुलपातल्या देवळाला पगारी पहारेकरी मिळतो, तो आठ तासांनी बदलतो. जत्रेच्या देवळावर सारे खोरे लक्ष ठेवते.

मग नदीचे काय? वालधुनी हे काही गोदावरीसारखे तीर्थ नव्हे. तिच्या नावाचे माहात्म्य नाही आणि तिच्यात स्नान केल्याने कोणते पाप धुतले जाते असे कोणी सांगत नाही. तेव्हा मंदिराच्या इतिहासात तिला ओढून आणू नये, असा आक्षेप रास्त वाटेल. पण जागेची निवड पाहा. आजूबाजूला डोंगर आहेत, उंचवटे आहेत. राजाने आपले वैभव दाखवायला ते सोडून ओढ्यासारख्या नदीचा सखल काठ निवडला आणि गाभारा आणखी खाली नेला. खोल गाभारा आणि पाण्याचे सान्निध्य यांचे नाते शैव स्थानांत जुने आहे. त्र्यंबकेश्वरची पिंडीही सखल आहे आणि ते स्थान गोदावरीच्या उगमाशी आहे. शिलाहारांच्याच कोल्हापूरच्या शाखेशी जोडलेले खिद्रापूरचे कोपेश्वर कृष्णेच्या काठी आहे. शिवाय शेकडो पाथरवट, लोहार, हमाल वर्षानुवर्षे राबायचे तर बारमाही पाणी जवळ हवे. वालधुनी पुढे कल्याणपाशी उल्हासेला मिळते, तिथून खाडीने ठाणे गाठता येते. राजधानी आणि हे आडगावचे देऊळ यांना जोडणारी वाट पाण्याची असावी, असे मला वाटते. नदी वगळली तर ही जागा का निवडली याचे उत्तरच उरत नाही.

तरीही दंतकथेत नदी नाही. पांडव आहेत, रात्र आहे, पहाट आहे. पण वालधुनी नाही. जे कथेत शिरले ते लोकांनी राखले, आणि जे शिरले नाही ते कोणाचेच राहिले नाही. विसाव्या शतकात हे खोरे झपाट्याने बदलले. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, पुढे औद्योगिक वसाहती. शेजारच्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. सगळ्या उद्योगांना माणसे हवी होती, माणसांना घरे हवी होती, आणि सर्वांचे सांडपाणी जायला वालधुनी होती. काकोळ्याच्या डोंगरात निर्मळ निघणारी नदी मंदिरापर्यंत येता येता नाल्याच्या रंगाची होते. उल्हासनगरात जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी पुढे तिची आणखी दशा केली. २०१४च्या अखेरीस टँकरमधून नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनांच्या वायूने तिथल्या शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. दहा वर्षे आधी, २६ जुलै २००५ला, हीच नदी पात्र सोडून घरांत शिरली होती.

या सगळ्यात देवळाच्या कडेचे पाणी देवळाचे आहे, असे कोणाला वाटले नाही, कायद्यालाही नाही. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन. ही रेघ इमारतीपासून आखली जाते, आणि घर किंवा मजला तिच्यात अडकतो. वाहून येणारे पाणी अडकत नाही. आता परिसराच्या सुशोभीकरणावर मोठा खर्च होतो आहे. काठावर घाट बांधले तर त्यांच्या पायऱ्या याच पाण्यात उतरतील, आणि श्रावणात आलेल्या माणसाला तिथे ओंजळही भरता येणार नाही. काळ्या दगडाचा नवा घाट बांधण्याआधी काकोळ्यापासून मंदिरापर्यंत नदीला मिळणारा प्रत्येक नाला कुठून येतो आणि कोणाचा आहे, याची यादी करून ती देवळाच्या दारात लावली पाहिजे. महाशिवरात्रीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे लाखभर लोक ती वाचतील. त्यांत अंबरनाथचे असतील, उल्हासनगरचे असतील, मांजर्लीचेही असतील, आणि त्या नाल्यांपैकी काही त्यांच्याच गल्लीतून निघत असतील.